एन्टँगलमेंटला 'गुंता' म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की क्वांटम इंटरनेटवर, म्हणजे कणांच्या क्वांटम अवस्था दूरवर पोचवणाऱ्या नेटवर्कवर, मराठीत लिहिताना 'एन्टँगलमेंट'ला (दोन कण कितीही दूर असले तरी त्यांच्या अवस्था एकमेकींशी जोडलेल्या असणं) 'गुंता' म्हटलं तर चालेल का. मला विचाराल तर नको, 'गुंफण' म्हणा.

गुंता म्हटलं की आपला हात आपोआप तो सोडवायला जातो, केसांतला असो, दोऱ्याचा असो की वाटणीच्या जमिनीचा. इथे तर उलटं आहे, दोन फोटॉनांमधलं, म्हणजे प्रकाशाच्या कणांमधलं, हे नातं मुद्दाम, मेहनतीनं जुळवायचं आणि जिवापाड जपायचं असतं. चीनच्या मिसियस उपग्रहाने २०१७ मध्ये अशा जोड्या वरून पाठवून १२०० किलोमीटर अंतरावरच्या दोन केंद्रांत पोचवल्या, त्याला गुंता कसं म्हणणार?

भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ साली यासाठी जर्मनमध्ये शब्द योजला 'फेरश्रेंकुंग'. जर्मन लोक हाताची घडी घालतात त्यालाही हेच क्रियापद, म्हणजे नीट एकात एक अडकवलेलं, विस्कटलेलं नाही.

आणि 'गुंफणे' हे क्रियापद पुढेही साथ देतं. आई गजरा करायची तेव्हा दोन छोटे तुकडे आधी वेगवेगळे गुंफायची, मग मधल्या दोन टोकांची गाठ मारली की एक लांब गजरा तयार. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला २०२१ मध्ये तीन केंद्रांच्या नेटवर्कवर जवळपास असंच केलं, मधल्या केंद्राची कडेच्या दोघांशी वेगवेगळी गुंफण केली, मग मधे एक मोजमाप घेतलं आणि कडेचे दोघे थेट संबंध नसताना एकमेकांत गुंफले गेले.

म्हणूनच 'क्वांटम रिपीटर'ला, म्हणजे लांबच्या अंतरासाठी वाटेत बसवायच्या अशा मधल्या केंद्राला, 'पुनरावर्तक' म्हणणं मला अजिबात पटत नाही. साध्या फायबरमध्ये १०० किलोमीटर गेल्यावर शंभरातला एखादाच फोटॉन उरतो, नेहमीच्या नेटवर्कमध्ये सिग्नल वाढवून पुढे ढकलता येतो, पण अनोळखी क्वांटम अवस्थेची कॉपीच काढता येत नाही हे १९८२ मध्येच सिद्ध झालंय, मग पुनरावृत्ती कशाची? तो फक्त दोन गुंफणी सांधतो, तेव्हा सरळ 'सांधा' म्हणा.

एक मात्र सांभाळा, 'गुंफणीतून निरोप गेला' असं लिहू नका. नुसत्या गुंफणीतून निरोप जात नाही, टेलिपोर्टेशन करताना, म्हणजे एका कणाची अवस्था गुंफणीच्या आधारे दूरच्या कणावर उतरवतानासुद्धा, मोजमापाचा निकाल साध्या केबलनेच कळवावा लागतो. 'गुंफणीच्या आधारे' लिहा. 'क्वांटम' तसंच राहू दे, ते आता आपलंच झालंय.