वाचकांचे प्रश्न : उंची, लिफ्ट आणि आशियाई महिला व्हॉलीबॉल

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची असून शाळेच्या संघातून व्हॉलीबॉल खेळते. तिची उंची पाच फूट दोन इंच आहे. ‘या उंचीवर शाळेपुरते ठीक आहे, पुढे काही होणार नाही,’ असे एका जाणत्या माणसाने तिला सांगितल्यापासून तिचे खेळात मन लागत नाही. आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेत थायलंडने चीनला हरवल्याचे तिला ठाऊक आहे. ‘मग त्या मुली कशा जिंकल्या?’ असे ती विचारते. तिला काय सांगावे? — एक पालक, कराड

उत्तर : आपल्या मुलीने नेमका प्रश्न विचारला आहे, तेव्हा तिला खरे तेच सांगावे. व्हॉलीबॉलमध्ये उंचीला महत्त्व नाही, असे सांगून तिची समजूत घालू नये, कारण ते खरे नाही. ही स्पर्धा 1975 मध्ये मेलबर्नला सुरू झाली आणि 2007 पर्यंत तिचे विजेतेपद चीन आणि जपान या दोनच देशांकडे राहिले. 2023 पर्यंतच्या 21 स्पर्धांपैकी 13 एकट्या चीनने जिंकल्या आहेत. चीनच्या झू टिंगची उंची 198 सेंटीमीटर आहे. अशी खेळाडू समोर उडी घेते, तेव्हा जाळीवर हात उंचावून चेंडू अडवणाऱ्या बुटक्या खेळाडूंच्या ब्लॉकच्या वरूनच चेंडू खाली येतो.

तरीही थायलंडने 2009 मध्ये हनोईला अंतिम सामन्यात चीनला 3-1 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले, 2013 मध्ये नाखोन राचासिमाला जपानला सरळ तीन सेटमध्ये नमवले आणि 2023 मध्ये त्याच शहरात चीनवर 3-2 अशी मात केली. चौदा वर्षांत तीनदा जे घडते, त्याला नशीब म्हणता येत नाही. उंचीत कमी पडतो हे थायलंडने मान्य केले आणि समोरच्या ब्लॉकला उभे राहायला वेळच मिळू नये, अशी आपल्या खेळाची बांधणी केली. पहिल्या दोन विजेतेपदांच्या वेळी कियाट्टिपोंग या प्रशिक्षकांच्या हाताखालच्या मुख्य खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळत आलेल्या होत्या. त्यामुळे मारणारीसाठी चेंडू वर उचलून देणारीचे, म्हणजे लिफ्टरचे, हात चेंडूला लागण्याआधीच मारणारी धावत सुटलेली असे. इतका भरवसा निवड चाचणीनंतर पंधरा दिवसांच्या शिबिरात तयार होत नाही.

हे कसे घडते, ते मुलीला मैदानावरच दाखवता येईल. समोरून सर्व्हिस आली आणि रिसीव्ह केलेला, म्हणजे पहिल्या स्पर्शात उचललेला, चेंडू जाळीजवळ, मधल्या जागेच्या किंचित उजवीकडे उभ्या असलेल्या लिफ्टरच्या डोक्यावर अलगद आला, तर तिच्यापुढे तीन-चार वाटा खुल्या असतात. ती मधल्या खेळाडूला हातभर उंचीचा झटपट चेंडू देऊ शकते, डाव्या टोकाला सपाट आणि वेगवान लिफ्ट टाकू शकते किंवा पाठीमागे देऊ शकते. थायलंडची प्लेमजित थिनकाव लिफ्टरच्या मागून जाळीला समांतर धावत जाऊन एका पायावर उडी घेत असे. ती नेमकी कोठे हवेत उठणार, याचा अंदाज समोरच्या उंच ब्लॉकरला बांधता येत नसे. मात्र तोच रिसीव्ह दोन मीटर मागे पडला, तर या सगळ्या वाटा बंद होतात. टोकाला उंच लिफ्ट देण्यावाचून गत्यंतर उरत नाही आणि तोवर समोर दोघींचा ब्लॉक सज्ज झालेला असतो. म्हणून थायलंडच्या विजयाचे मूळ मी स्मॅशमध्ये न शोधता पहिल्या स्पर्शात शोधतो. आपल्याकडच्या शालेय सामन्यांत टाळ्या स्मॅशला पडतात आणि सरावाचा बहुतेक वेळही त्यातच जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता आपल्या मुलीविषयी. थायलंडला हा खेळ खेळवणारी लिफ्टर नूत्सारा तोमकोम हिची उंची 169 सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच फुटांच्या आसपास. जपानची योशिए ताकेशिता तर अवघी 159 सेंटीमीटर; आपली मुलगी आजच जवळजवळ तेवढी आहे. 2006 च्या जागतिक स्पर्धेत जपान सहावा आला, तरी सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान ताकेशिताला मिळाला आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक मिळवणाऱ्या जपानी संघाची लिफ्टरही तीच होती. लिफ्टर होणे हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग लिबेरोचा. 1998 पासून आंतरराष्ट्रीय खेळात असलेल्या या खेळाडूला ब्लॉक करता येत नाही आणि जाळीपेक्षा उंच असलेला चेंडू मारून पलीकडे पाठवता येत नाही. मागच्या रांगेत राहून रिसीव्ह करणे आणि पडणारा चेंडू उचलणे हेच तिचे काम असते. मुलीला रोज भिंतीवर बोटांनी पास खेळायला लावावे आणि कोणाकडून तरी सर्व्हिस टाकून घेऊन रिसीव्ह ठरलेल्या जागी पोहोचवण्याचा सराव द्यावा. मुरमाच्या मैदानावर चेंडूसाठी झेपावायचे असेल, तर गुडघ्यांना नी-कॅप असल्याशिवाय तिला खेळू देऊ नये.

प्रश्न : साखळी फेरीत जास्त गुण असलेला संघ गुणतक्त्यात खाली कसा राहतो? — एक वाचक, तासगाव

उत्तर : अलीकडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आधी जिंकलेले सामने मोजतात आणि ते समान असतील तरच गुण पाहतात. 3-0 किंवा 3-1 अशा विजयाला तीन गुण असतात. सामना 3-2 असा गेला, तर विजेत्याला दोन आणि पराभूत संघाला एक गुण मिळतो. एका संघाने तिन्ही सामने 3-2 असे जिंकले, तर त्याचे सहा गुण होतात. दुसऱ्याने दोन सामने 3-0 असे जिंकून तिसरा 2-3 असा गमावला, तर त्याचे सात होतात. तरीही पहिला संघच वर राहतो. गुणही समान असतील, तर जिंकलेल्या आणि गमावलेल्या सेटचे गुणोत्तर आणि त्यानंतर सेटमध्ये मिळवलेल्या आणि दिलेल्या गुणांचे गुणोत्तर पाहतात.

प्रश्न : आमच्या गावच्या मैदानावर मुलगे आणि मुली एकाच जाळीवर सराव करतात. त्याने काही बिघडते का? — एक शिक्षिका, कोरेगाव तालुका

उत्तर : बिघडते. पुरुषांची जाळी 2.43 मीटर, तर महिलांची 2.24 मीटर उंच असते. हा 19 सेंटीमीटरचा फरक मुलींच्या हाताला वाईट वळण लावतो. चेंडू कसाबसा पलीकडे जावा म्हणून त्या मनगट वळवण्याऐवजी तो वर ढकलायला लागतात आणि पुढे योग्य जाळीवर खेळतानाही ती सवय सुटत नाही. आपल्या मुली शाळकरी आहेत, तेव्हा त्यांच्या वयोगटासाठी ठरलेली उंची शालेय स्पर्धेच्या आयोजकांकडून विचारून घ्यावी. दोन्ही खांबांवर ऑइलपेंटने वेगळ्या रंगांच्या खुणा करून ठेवल्या, तर जाळी खाली-वर करायला पाच मिनिटेही लागत नाहीत. उंची मात्र मैदानाच्या मध्यभागी मोजावी, कारण जाळी तेथेच झोळ धरते. दोन्ही बाजूंच्या रेषांवर ती एकसारखी असावी आणि मधल्या उंचीपेक्षा दोन सेंटीमीटरहून जास्त नसावी. मुलींच्या सरावाची वेळ मुलांच्या आधीची ठेवली, तर ‘आता जाळी कोण उतरवणार?’ हा रोजचा वादही उरणार नाही.