गोळी बंद केली, सांगितलं कुणालाच नाही

मंडळी, मागच्या अंकात मी एकच ओळ टाकली होती की कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल, म्हणजे अटोरव्हास्टॅटिन, रोझुव्हास्टॅटिन या स्टॅटिन कुळातल्या गोळ्यांबद्दल, काही विचारायचं असेल तर पाठवा. इतकी पत्रं आणि मेसेज आले की आमच्या दुकानातला पोरगा म्हणाला ताई आता वेगळी फाईल करा. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यात निम्मे प्रश्न फिरून फिरून तेच आहेत. आणि हो, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. बावीस वर्षं काउंटरच्या मागे उभी आहे, तिथून जे दिसतं ते सांगते.

प्रश्न : ताई, वय ६१, राहणार फलटणजवळ. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. अटोरव्हास्टॅटिन २० चालू होती, ती चैत्रात डॉक्टरांनी ४० केली. यंदा डॉक्टरांना विचारूनच माऊलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चालत गेलो. दिवेघाट चढल्यावर दोन्ही मांड्या भरून आल्या, लोणंदपर्यंत तर बसलं की उठवेना. दिंडीतला एकजण म्हणाला ही त्या गोळीचीच करामत, त्याच्या मेव्हण्याचं पण असंच झालं. मी गोळी बंद केली. आता दुखणं नाही. रिपोर्टपण नॉर्मल आहे, एलडीएल ८८. मग गोळी लागतेच कशाला?

काका, आधी रामकृष्ण हरी. आता रागवू नका पण पत्रात एक गोष्ट कुठेच नाही, डॉक्टरांना सांगितलंत का? मला वाटतं नाही सांगितलं.

आधी रिपोर्टचं बोलते. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ते ८८ आलं ते गोळीमुळेच असणार. छत्री धरली म्हणून अंग कोरडं आहे, मग छत्री मिटून टाकू का, असं झालं हे. आणि तो रिपोर्ट गोळी चालू असतानाचा आहे की बंद केल्यानंतरचा तेही तुम्ही लिहिलेलं नाही, गोळी सोडली की काही आठवड्यांत एलडीएल परत आपल्या जुन्या जागी जातं. अजून एक, लॅबवाले कागदावर १०० च्या आत म्हणजे नॉर्मल छापतात, पण तो आकडा सगळ्यांना सारखा नसतो. आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली जे ठरवून दिलं त्यात साध्या माणसाला १०० च्या आत, जास्त धोका असलेल्याला ७० च्या आत, आणि ज्याला हार्टचा त्रास होऊन गेलाय त्याला ५५ च्या आत असं आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने ८८ जास्तच आहे काका. डॉक्टरांनी २० ची ४० उगाच नाही केली.

आता मांड्यांचं. गोळीने स्नायू दुखतात हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. गोळीचं दुखणं बहुतेक दोन्ही बाजूंना सारखं असतं, मांड्या, कंबरेखालचा भाग, खांदे, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सुरू होतं. तुमचा डोस चैत्रात वाढला, दुखणं ज्येष्ठाच्या शेवटी वारीत, म्हणजे गोळीवर संशय घ्यायला जागा आहे. पण त्याच वेळेला तुम्ही एकसष्टाव्या वर्षी ऊन-पावसात रोज वीस-पंचवीस किलोमीटर चालत होतात आणि घाट चढलात, गोळी न घेणाऱ्यांच्या मांड्या काय दुखत नव्हत्या का दिंडीत? आणि वारी संपली, गोळी पण बंद, दोन्ही एकदमच थांबल्यावर आता चोर कोण ते कळणार कसं.

यावर लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात फार छान प्रयोग झाला होता, २०२० मध्ये छापून आला. त्रासामुळे गोळी सोडलेली ६० माणसं घेतली, प्रत्येकाला बारा डब्या, चार डब्यांत खरी गोळी, चारमध्ये हुबेहूब तशीच पण औषध नसलेली, चार नुसत्या रिकाम्या. दर महिन्याला एक डबी, आणि रोज किती त्रास झाला ते नोंदवायचं. रिकाम्या डबीच्या महिन्यात त्रास कमी, खऱ्या गोळीच्या महिन्यात जास्त, आणि गंमत म्हणजे खोट्या गोळीच्या महिन्यातही जवळजवळ तेवढाच. खऱ्या गोळीच्या त्रासातला ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. दुखणं खोटं होतं असं नाही हं, दुखत खरंच होतं, पण आपण औषध घेतोय आणि याने पाय दुखणार ही धास्तीच दुखवत होती. आपापले आकडे बघितल्यावर त्यातल्या निम्म्या लोकांनी गोळी परत चालू केली.

म्हणून असं करा, याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि सरळ सांगा की मी स्वतःहून बंद केली. ते बहुतेक सीपीके नावाची रक्ताची तपासणी सांगतील, स्नायूंना इजा झालीय का ते त्यात कळतं. ती करायच्या आधी काही दिवस जड काम, लांब चालणं नको, कारण नुसत्या मेहनतीनेही सीपीके वर जातं आणि मग बिचारी गोळी फुकटची बदनाम होते. थायरॉइडपण बघायला सांगा, थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि गोळीने स्नायू दुखायचं प्रमाणही वाढतं. त्यांच्याकडे रस्ते बरेच आहेत, डोस कमी करून सोबत इझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं दुसरं औषध देणं, अटोरव्हाच्या जागी रोझुव्हास्टॅटिन देणं, थोडे दिवस थांबवून परत चालू करून बघणं. पण हे त्यांनी ठरवायचं, मेव्हण्याने नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, अंग सहन होणार नाही इतकं दुखतंय, गळून गेल्यासारखं वाटतंय आणि लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी होतेय, तर मात्र पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, स्नायू विरघळून किडनीवर ताण येतो तो प्रकार असू शकतो. फार क्वचित होतं, पण झालं तर वाट बघायची नसते. आणि चालताना फक्त पोटरीत कळ येते, थांबलं की जाते, असं कुणाला होत असेल तर ते पायाच्या रक्तवाहिनीचं असू शकतं, तेही दाखवा.

प्रश्न : ताई, माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, नाशिकला असतो आम्ही. बीपी, शुगर आणि अटोरव्हास्टॅटिन ४० चालू आहे. कंबरेला गजकर्ण झालं म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्यात महिनाभर. दोन्ही एकत्र चालतात ना?

बाई गं, बरं झालं विचारलंस. नाही चालत, निदान या डोसला तरी नाही. अटोरव्हा लिव्हरमध्ये ज्या एन्झाइममुळे मोडते तेच एन्झाइम इट्राकोनॅझोल अडवून धरतं, म्हणजे सासूबाई घेणार ४० पण रक्तात साचणार त्याच्या कितीतरी पट, आणि मग वर काकांना सांगितला तो स्नायूंचा धोका खरोखरचा होतो. इट्राकोनॅझोलबरोबर अटोरव्हा २० च्या वर जाऊ देत नाहीत, सिमव्हास्टॅटिन तर अजिबातच देत नाहीत. मुदतीपुरती गोळी थांबवायची, कमी करायची, की बुरशीचं औषधच दुसरं द्यायचं, टर्बिनाफिनचं अटोरव्हाशी असं भांडण नाही, हे दोन्ही डॉक्टरांना फोन करून आजच विचार. हार्टचं पंपिंग कमी आहे असं सासूबाईंना कधी कुणी सांगितलं असेल तर तेही स्किनच्या डॉक्टरांना सांगायला हवं, इट्राकोनॅझोल तिथेही त्रास देतं.

गजकर्णाने हल्ली घरंच्या घरं खाजवतायत आणि माझ्या काउंटरवर ही जोडी महिन्यातून दोनतीनदा तरी येते. चूक कुणाची म्हणायची, स्किनवाल्यांनी विचारलं नाही, पेशंटला वाटलं की खाजेच्या औषधाचा आणि हार्टच्या गोळीचा काय संबंध. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकांचंही असंच आहे. २००१ साली सेरिव्हास्टॅटिन नावाची याच कुळातली गोळी जगभरातून मागे घ्यावी लागली, स्नायू आणि किडनी जाऊन माणसं दगावली होती आणि बऱ्याच जणांमध्ये सोबत जेमफिब्रोझिल हे ट्रायग्लिसराइडचं औषध चालू होतं. म्हणजे नुसती गोळी नाही, गोळीची संगत बघायची.

जाता जाता, ही सगळी स्टॅटिन मंडळी मुळात बुरशीतूनच आली बरं का. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा तपासून १९७३ मध्ये पहिलं स्टॅटिन शोधलं. आणि आता बुरशीच्याच औषधाशी त्यांचं वाकडं.

प्रश्न : वडिलांना (७०, कोल्हापूर) डिस्चार्जच्या वेळी रोझुव्हास्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल एकत्र असलेली कॅप्सूल दिली. नंतर गावातल्या डॉक्टरांनी वेगळी रोझुव्हास्टॅटिन २० लिहिली. दोन्ही घेतात. आता दात काढायचाय, डेंटिस्ट म्हणतात कोलेस्टेरॉलची ती कॅप्सूल बंद करून या.

इथे दोन घोळ आहेत. कॅप्सूलमध्ये रोझुव्हा आहेच, वरून २० ची वेगळी, म्हणजे एकच औषध दोन नावांनी पोटात जातंय. नावं वेगळी, रंग वेगळे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या आशियाई लोकांच्या रक्तात रोझुव्हा तशीही गोऱ्यांपेक्षा जास्त चढते, म्हणून अमेरिकेत आशियाई पेशंटला ५ पासून सुरुवात करा असं औषधाच्या माहितीतच लिहिलेलं आहे. तेव्हा दोन्ही स्ट्रिप घेऊन हार्टच्या डॉक्टरांकडे जा आणि एकूण किती हवी ते विचारा, मुद्दाम दोन दिली असतील तर तेही कळेल.

दुसरा घोळ जास्त वाईट आहे. ती 'कोलेस्टेरॉलची कॅप्सूल' बंद केली की रक्त पातळ ठेवणारी दोन औषधंही बंद होतात, आणि हार्टच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे जाळी, नवीन बसवलेला असेल तर तो बुजायची भीती असते. दात काढताना अ‍ॅस्पिरिन सहसा चालूच ठेवतात, रक्त जरा जास्त वेळ येतं, डेंटिस्ट ते सांभाळतात. डेंटिस्ट आणि हार्टवाले यांचं फोनवर बोलणं करून द्या, तोपर्यंत काही बंद नको.

प्रश्न : वय ३२, कोलेस्टेरॉल घराण्यातच आहे, गोळी चालू आहे. आम्हाला आता बाळ हवंय.

प्रयत्न सुरू करायच्या आधी डॉक्टरांना सांग, गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना ही गोळी सहसा थांबवतात. पाळी चुकल्यावर लक्षात आलं तरी घाबरून जाऊ नकोस, चुकून घेतल्याने बाळाला मोठं व्यंग येतं असं दिसलेलं नाही, पण फोन त्याच दिवशी कर. तुझा धोका फारच जास्त असेल तर काय करायचं ते तुझ्यापुरतं वेगळं ठरवतील.

आता भराभर.

रात्रीच घ्यायची का? सिमव्हास्टॅटिन रात्री, कारण ती शरीरात थोडाच वेळ टिकते आणि लिव्हर कोलेस्टेरॉल जास्त करून रात्री बनवतं. अटोरव्हा, रोझुव्हा कधीही, फक्त रोज एकाच वेळेला. एकादशीला, नवरात्रात उपाशीपोटी चालते का? चालते. (साबुदाणा खिचडीतल्या तुपाबद्दल कुणी विचारलं नाही, सोयीस्करच आहे.) विसरली तर? आठवली की घ्या, पण दुसऱ्या दिवसाची वेळच झाली असेल तर सोडून द्या, दोन एकदम नाही. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध रोझुव्हाबरोबर? आधी रोझुव्हा, मग दोन तासांनी ते.

शुगर वाढते का म्हणून बऱ्याच जणांनी विचारलंय. थोडी वाढू शकते, काठावर असलेल्यांची जास्त. २५५ लोकांनी चार वर्षं घेतली तर एकाला जास्तीचा डायबेटिस होतो असा हिशेब २०१० मध्ये निघाला होता. ज्याला हार्टचा धोका आहे त्याला हा सौदा परवडतो असं माझं मत.

गुग्गुळ घेऊन गोळी सोडू का? २००३ मध्ये अमेरिकेत गुग्गुळाच्या अर्काची चाचणी झाली त्यात एलडीएल कमी व्हायच्या ऐवजी थोडं वाढलंच. घेत असाल तर निदान लपवू नका.

आणि न्यू जर्सीहून एक काकू विचारतायत की तिकडे ग्रेपफ्रूट बंद करायला सांगितलंय, मग गणपतीला सावंतवाडीला आल्यावर पपनस चालेल का. काकू, पपनस त्याच घराण्यातलं, आणि अटोरव्हा, सिमव्हा यांना मोडू न देणारं द्रव्य त्यातही असतं, रोझुव्हाला तो त्रास नाही. तुम्ही कुठली घेता ते लिहिलेलं नाही. अटोरव्हा असेल तर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळांतलं, पपनस उतरवल्यावर मीठ-तिखट लावून अख्खं एकटीने संपवू नका, प्रसादाची एखादी फोड खाल्लीत तर काही होत नाही. संत्री खुशाल खा.