पोथीतला शक, पोथीवरचा हरताळ

प्रश्न : घरात ज्ञानेश्वरीची हस्तलिखित पोथी आहे. शेवटी शके १२१२ स्पष्ट लिहिले आहे. पोथी सातशे वर्षांची समजायची का? (सातारा)

नाही. शके १२१२ हा ग्रंथ रचल्याचा शक. तो सांगणारी ओवी ग्रंथाचाच भाग म्हणून प्रत्येक नकलेत उतरते, काल उतरवलेल्या नकलेतही. तुमच्या पोथीचा शक असलाच तर त्याच्याही पुढे, 'इति'नंतरच्या पुष्पिकेत, म्हणजे नक्कलकाराच्या शेवटच्या नोंदीत सापडेल. तिथे संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचे) नाव, महिना, पक्ष, तिथी, वार, गाव आणि लेखकाचे नाव असते. हा 'लेखक' म्हणजे नक्कल उतरवणारा, ग्रंथकर्ता नव्हे. या एका शब्दापायी पुष्कळ घरांत आजोबांचे पणजोबा कवी झाले आहेत.

शक सापडला की लगेच विश्वास ठेवू नका, संवत्सराशी ताडून पाहा. शकात १२ मिळवून ६०ने भागा. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून; बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. राज्याभिषेकाचा शके १५९६ घ्या : १६०८ला ६०ने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. जुळले. जुळत नसेल तर बहुधा एखादा अंक चुकीचा वाचलेला असतो, किंवा आकडा शकाचा नसून विक्रम संवताचा असतो; दोहोंत १३५ वर्षांचे अंतर आहे. इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा. तिथी जानेवारी ते मार्चमध्ये पडत असेल तर ७९.

कधी आकड्यांऐवजी शब्द असतात. 'नेत्र-बाण-ऋषि-भू' म्हणजे २, ५, ७, १. हे उजवीकडून डावीकडे वाचायचे, म्हणजे शके १७५२. इथेही ताळा करा : बाकी २४, विकृती संवत्सर.

एवढे करूनही एक फट राहते. काही नक्कलकार समोरच्या पोथीची पुष्पिकासुद्धा जशीच्या तशी उतरवत. म्हणून कागद उजेडासमोर धरा. त्यात विलायती कारखान्याचे जलचिन्ह (कागदातच उमटवलेली खूण) दिसले, तर पुष्पिकेतल्या शकापेक्षा कागदाचे म्हणणे खरे माना.

प्रश्न : पोथीवर पिवळे डाग आहेत, कडा कुरतडल्या आहेत, काही पाने चिकटपट्टीने जोडली आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे का? (चिपळूण)

अजिबात नको. लॅमिनेशन कागदाला इजा न करता परत काढता येत नाही. पिवळा डाग नेमका अक्षरांवर, चौकोनी पट्टीसारखा असेल तर तो डागच नाही. चुकलेले अक्षर झाकायला लावलेला तो हरताळ आहे ('हरताळ फासणे' आले ते इथूनच). तो खरवडू नका. हरताळात सोमल, म्हणजे आर्सेनिक असते. तेव्हा पाने उलटताना बोट जिभेला लावायची सवय सोडा आणि नंतर हात धुवा.

जुनी चिकटपट्टी ओढून काढाल तर तिच्याबरोबर अक्षरेही येतील. ते काम संवर्धकाचे. तुम्ही करायचे ते एवढेच : मऊ, कोरड्या ब्रशने मधून कडेकडे धूळ झाडायची. ओले फडके लावायचे नाही, कारण काजळीची शाई डिंकात खललेली असते आणि पाण्याने सुटते. पोथी गुंडाळायला नवे मांजरपाट आणाल तर आधी दोनदा धुऊन त्याची खळ काढा. खळ हे कसरीचे आवडते खाद्य. पानांपेक्षा किंचित मोठ्या दोन फळ्यांमध्ये पोथी ठेवून घट्ट बांधा. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला जप, असे पोथीच विनवते आहे, अशा अर्थाचा श्लोक नक्कलकार शेवटी लिहीत. तिन्ही सूचना आजही बरोबर आहेत. कोकणच्या पावसात कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. दमट पाने सावलीत सुकवा, उन्हात नाही.

प्रश्न : भांडारकर संस्थेच्या महाभारतात व्यासांचा लेखनिक गणपती सापडला नाही. तो कोणी काढला? (नागपूर)

काढून टाकलेला नाही. आदिपर्वाच्या परिशिष्टात आहे. अनेक पोथ्या ताडून महाभारताचा शक्य तितका जुना पाठ (मजकूर) ठरवण्याचे हे काम १९१९ साली सुरू झाले, १९२५पासून वि. सी. सुखटणकरांकडे आले आणि १९६६मध्ये पुरे झाले. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली, पण निर्णय बहुमताने झालेला नाही. एकाच पोथीवरून उतरलेल्या दहा नकला म्हणजे साक्षीदार एकच. उलट काश्मीरची शारदा लिपीतली आणि केरळची मल्याळम लिपीतली पोथी, एकमेकींपासून इतक्या दूर असूनही, एकच पाठ देत असतील तर त्याचे वजन मोठे. गणपतीची कथा या कसोटीला उतरली नाही.

छापील प्रतीत शब्दाखाली नागमोडी रेघ दिसली तर समजा, त्या पाठाबद्दल संपादकांची पुरती खात्री नव्हती. मुख्य मजकुरातून वगळलेल्या ओळी तारांकित करून तळटीपांत दिल्या आहेत, वगळलेली लांब प्रकरणे परिशिष्टात. नुसता वरचा मजकूर वाचणाऱ्याने अर्धेच महाभारत वाचले.

प्रश्न : डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश इतकी दशके 'अ'मध्येच का? (पुणे)

'अ' किती मोठा आहे ते पाहा : नकारार्थी अ आणि अन्, शिवाय अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग त्यातच. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४८मध्ये काम सुरू केले. ऋग्वेदापासून पुढच्या सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द आणि त्यांचे संदर्भ टिपलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या निघाल्या, आणि पहिला भाग १९७६ साली आला. प्रत्येक अर्थ केव्हापासून दिसतो, त्या क्रमाने लावायचा म्हटल्यावर घाई चालत नाही. कूर्मगती म्हणून हसणाऱ्यांनी एकदा एखादी नोंद पूर्ण वाचावी.

प्रश्न : आजोबांची पोथी अमेरिकेला नेता येईल का? (न्यू जर्सी)

१९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुने, वाङ्मयीन वा ऐतिहासिक मोल असलेले हस्तलिखित खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. पोथीत चित्रे असतील तर तिची नोंदणीही करावी लागते. छायाचित्रे मात्र खुशाल न्या. चारही कडा दिसतील असे पूर्ण पान, शेजारी मोजपट्टी, प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजू. आपल्याकडच्या पोथ्यांत पत्रांक बहुधा पानाच्या मागल्या बाजूला, समासात असतो. तेव्हा फायलींना १अ, १ब, २अ अशी नावे द्या. नाहीतर अर्धी पाने बिनक्रमांकाची वाटून क्रम बिघडतो.