तिकिटाच्या आधी अमावस्या बघा

मागच्या अंकात परदेशात जाऊन तारे बघण्यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं आणि मेसेज सुरूच झाले. त्यातले चार प्रश्न घेतो, नावं मुद्दामच देत नाही.

प्रश्न (परभणी): सर नमस्कार, मी रिटायर्ड शिक्षक. जून-जुलैत मुलाकडं न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला चाललोय. त्यानं जुना कॅमेरा देऊन ठेवलाय, १८-५५ लेन्सचा. तिकडं तेव्हा हिवाळा असतो म्हणे, मग काही दिसंल का? सेटिंग काय ठेवू? सून म्हणती बाबा नुसते गारठाल.

उत्तर: गुरुजी, सूनबाई खोटं बोलत नाहीत, पण तुम्ही नेमके योग्य वेळी चाललात. आकाशगंगेचा सगळ्यात भरगच्च भाग म्हणजे धनु राशीकडचा, तो मध्यरात्रीच्या सुमाराला सगळ्यात वर येतो जून-जुलैतच आणि तेव्हाच आपल्याकडं पाऊसकाळ, आभाळ गच्च, म्हणून मराठवाड्यात आपण तो बघतो एप्रिल-मेत अर्ध्या रात्रीनंतर माळवदावर झोपून, तेही दक्षिणेला साधारण ४० अंशावर. तिकडं तोच भाग रात्री अकराच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर येतो.

मुलाला म्हणा लेक टेकापोला घेऊन चल, क्राइस्टचर्चहून गाडीनं तीनेक तास. तो भाग २०१२ पासून डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे अंधारं आभाळ राखून ठेवलेला प्रदेश आहे, चार हजार चौरस किलोमीटरहून मोठा, गावातले दिवेसुद्धा खाली तोंड करून लावलेले. तळ्याकाठच्या दगडी चर्चजवळ मात्र गर्दी असते आणि कोणाच्या ना कोणाच्या गाडीचा हेडलाइट तोंडावर येतोच, तिथून थोडं लांब जा. आणि जायचा दिवस अमावस्येच्या आसपासचा धरा, मुलाला शनिवार-रविवार सुट्टी आहे म्हणून पौर्णिमेला गेलात तर नुसतं चांदणं बघून परत याल. चंद्र बघितलात तरी गंमत आहेच, त्यातला ससा तिकडं उलटा दिसतो.

ध्रुवतारा शोधू नका. परभणीत तो १९ अंशावर असतो, तिकडं क्षितिजाच्या खाली. अगस्त्य मात्र दक्षिणेला गेला तो परत आलाच नाही ही गोष्ट तुम्ही पोरांना सांगितली असंल, तर टेकापोहून त्याच्या नावाचा तारा खरंच कधी मावळत नाही, जुलैतल्या रात्री फक्त क्षितिजाजवळ टेकतो. दक्षिणेला ढगाचे दोन पुंजके दिसले तर ढग म्हणून सोडून देऊ नका, ते मॅगेलनचे मेघ, आपल्या आकाशगंगेच्या शेजारच्या दोन छोट्या आकाशगंगा. मोठा मेघ आपल्यापासून साधारण १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं दूर आहे, आणि आपल्या मराठवाड्यातून तो नीट कधी दिसतच नाही. उठवलं तर जुलैत पहाटे सहाला पण उठा, सूर्य आठला उगवतो. ईशान्येकडं कृत्तिका दिसतील. माओरी लोक त्यांना मातारिकी म्हणतात, त्या पहाटे पुन्हा दिसल्या की त्यांचं नवीन वर्ष, २०२२ पासून त्याची सरकारी सुट्टी असते. त्यांच्या उजवीकडं, पूर्वेला मृग, आपल्या सवयीच्या हिशेबानं उलटापालटा.

आता कॅमेरा. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं हे काढायला ५०० ला लेन्सच्या आकड्यानं भागायचं, तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुतेक छोटा असंल म्हणून १८ गुणिले दीड म्हणजे २७ धरा, ५०० भागिले २७ म्हणजे साधारण १८ सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की ताऱ्यांच्या रेघा होतात. मी तर १५ च ठेवीन. लेन्स १८ वर, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक जेवढं उघडतं तेवढं (तुमचं ३.५), आयएसओ म्हणजे उजेड टिपायची ताकद ३२००, फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं न दाबलेली मूळ फाइल), दोन सेकंदांचा टायमर, ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझर बंद. फोकस ऑटोवर ठेवूच नका. स्क्रीनवर एक ठळक तारा झूम करा, टिंब बारीक होईपर्यंत रिंग फिरवा आणि मग रिंगला चिकटपट्टी लावून टाका. ही चिकटपट्टी मी माझ्या पहिल्याच रात्री लावली नव्हती, अंधारात हात लागला आणि दोनशे फोटोंत तारे नाहीत, साबुदाणे आले.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. आणि महत्त्वाचं, ट्रायपॉडचे पाय आणि बूट इथूनच धुऊन न्या. आपली काळी माती कशी चिकटती माहितीये, आणि तिकडं विमानतळावर मातीचं आणि खाण्याचं लई कडक आहे. चिवडा, मेतकूट, लोणचं जे काही सूनबाईसाठी नेताय ते फॉर्मवर लिहायचं, लपवलं तर जागेवर दंड.

प्रश्न (लातूर): आम्ही दोघं मेच्या शेवटी नॉर्वेच्या टूरला जातोय. टूरवाले म्हणतात ट्रॉम्सोला नॉर्दर्न लाइट्स दिसतील. कॅमेरा घ्यावा का?

उत्तर: कॅमेरा घ्या, पण उन्हाचे फोटो काढायला. ट्रॉम्सो जवळपास ७० अक्षांशावर आहे, तिथं मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. रात्रच नाही तर दिवे कुठून दिसणार? ज्यानं हे सांगितलं त्याला एकदा नकाशा दाखवा. शेतीची कामं, मुलांच्या परीक्षा सगळं सांभाळून आपण मेतच निघतो हे कळतं मला, पण ऑरोरासाठी, म्हणजे याच नॉर्दर्न लाइट्सच्या आकाशातल्या रंगीत उजेडासाठी, सप्टेंबर अखेर ते मार्च हाच काळ. तारीख बदलता येत असंल तर बदला. तेव्हा शटर ५ ते १० सेकंद उघडं ठेवलं तरी पुरतं. डोळ्यांना तो प्रकाश कधीकधी नुसता राखाडी वाटतो, हिरवा रंग कॅमेऱ्यालाच आधी दिसतो, तेव्हा राखाडी दिसलं म्हणून हॉटेलात परत जाऊ नका. तसं मे २०२४ च्या सौर वादळात लडाखच्या हानलेहूनही लाल ऑरोराचे फोटो निघाले, पण तसलं नशीब बुकिंग करून मिळत नाही.

प्रश्न (जालना): पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालंल का?

उत्तर: नाही. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच. २०,००० एमएएचची असंल तर साधारण ७४ वॉट-अवर होते, मर्यादा १०० ची.

प्रश्न (बीड): सर मी अबुधाबीत नोकरीला आहे, कॅमेरा नाही, फक्त मोबाईल. वाळवंटात जाऊन काही जमंल का?

उत्तर: जमंल की. शंभर-दोनशे रुपयांचा छोटा स्टँड घे, मोबाईल त्यावर पक्का बसव, नाइट मोड नाहीतर प्रो मोड, आणि हात न लावता टायमरवर फोटो काढ. गाडीतून शहराच्या उजेडापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जा, मात्र लष्करी किंवा सरकारी जागेजवळ मोबाईल वर काढायचा नाही, तिकडचा कायदा मजाक नाही. आकाश आपल्याकडच्यासारखंच दिसंल, ध्रुव फक्त पाचेक अंश वर. खरं सांगू, फेब्रुवारी-मार्चात सुट्टीवर येशील तेव्हा पहाटे चारला गावाकडच्या शेतात जाऊन बघ, लोडशेडिंग असंल तर अजून बरं. दोन्हीकडचे फोटो मला पाठव, कोणता जास्त काळा आला ते पुढच्या अंकात सांगू.