आजींच्या मोतीबिंदूचे उरलेले ड्रॉप्स पिल्लांच्या डोळ्यांत घालू नका

ताई, गोठ्यातल्या मांजरीच्या चारही पिल्लांचे डोळे पिवळ्या चिपडांनी चिकटलेत, वय तीन आठवडे, आणि आजींच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप्स चालतील का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. त्या ड्रॉप्समध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा बीटामेथासोन दिसलं की बाटली बाजूला ठेवा. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम असेल तर स्टेरॉइडने ती भरत नाही, खोल जाते. मांजरांचा हर्पिस विषाणूही त्याने फोफावतो. यात डोळा कायमचा जाऊ शकतो.

आधी डोळे मोकळे करा. मेडिकलमधून ०.९ टक्के नॉर्मल सलाईन आणा, बाटली गरम पाण्यात धरून कोमट करा. आपल्याकडे घरोघरी कापूस आहे, पण तो इथे नको, तंतू डोळ्यात राहतात. गॉज भिजवून दोन-तीन मिनिटं डोळ्यावर नुसता ठेवा, चिपडं मऊ पडली की नाकाकडून बाहेर पुसा. प्रत्येक डोळ्याला नवा तुकडा. सुकलेली पापणी ओढली तर कातडी सोलते. दिवसातून तीन-चार वेळा हे करा आणि दर पिल्लानंतर हात धुवा. हळद, मध, काजळ, दूध यांतलं काहीही घालू नका.

डोळा उघडल्यावर नीट बघा. या वयात बुबुळाचा रंग निळसरच असतो, त्याला घाबरू नका. पण वरचा पारदर्शक पडदा धुरकट किंवा दुधाळ दिसला, पिल्लू डोळा घट्ट मिटून घेत असेल, तर जखम समजा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते डोळ्यात रंग टाकून तपासतात, जखम असेल तिथे हिरवं दिसतं. शिंका आणि दोन्ही डोळे एकदम आले असतील तर हर्पिसचा संशय. आधी एकच डोळा सुजून लाल, काही दिवसांनी दुसरा, असं असेल तर क्लॅमिडिया हा जिवाणू. तोंडात फोड असतील तर कॅलिसी हा विषाणू. एकाच पिल्लाचा एकच डोळा अचानक बिघडला तर गव्हाचं कुसळ शोधा. कडब्यात-भुशात झोपणाऱ्या पिल्लांना हे नेहमीचं.

जखम नसलेल्या साध्या संसर्गात डॉक्टर बहुधा टोब्रामायसिन ०.३ टक्के देतात, एकेक थेंब दिवसातून तीन-चार वेळा. क्लॅमिडियाला मात्र थेंब पुरत नाहीत. वजनावर ठरवलेलं डॉक्सीसायक्लिन तोंडाने, साधारण चार आठवडे लागतं. डोळे स्वच्छ दिसले म्हणून आठव्या दिवशी बंद केलं की दुखणं उलटतं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. गोळी कोरडी देऊ नका, अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण होतो. गोळी दिल्यावर सिरिंजने थोडं पाणी हळूहळू पाजा. निओमायसिन-पॉलिमिक्सिनचं मलम मांजरांना टाळलेलं बरं, क्वचित जिवावर बेतणारी रिअॅक्शन येते.

तालुक्याच्या दवाखान्यात गायी-म्हशीच जास्त येतात, म्हणून “स्टेरॉइड नसलेलं द्या” हे स्पष्ट सांगा. जाणं जमत नसेल तर १९६२ या जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन लावून विचारा.

डोळ्यांइतकंच नाकाकडे लक्ष द्या. नाक चोंदलं की वास येत नाही, आणि पिल्लू आईला लुचत नाही. वाण्याच्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. वजन वाढायचं थांबलं, की थेंबांचा परिणाम बघत बसू नका, पिल्लू लगेच दाखवा.