विश्वास असेल तर डिप्रेशनच्या गोळ्या सोडाव्यात का?

तुम्ही लिहिलंय की भावाच्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, आता कुठे त्याला झोप लागायला लागलीय, आणि तुमच्या घरी भरणाऱ्या प्रार्थना सभेत त्याला सांगतात, ‘विश्वास असेल तर गोळ्या बंद कर.’ मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, हे बोलावं का, असं तुम्ही विचारलंय.

आधी गोळ्यांचं. त्या बंद करू देऊ नका. गुण यायला काही आठवडे जातात, आणि जरा बरं वाटलं की माणसाला त्या नकोशा होतात. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं असा त्रास होऊ शकतो, आजारही उलटू शकतो. कमी करायच्या तर डॉक्टरच करतील, हळूहळू. सभेतलं कोणी कितीही प्रेमाने सांगत असलं तरी हे त्यांनी ठरवायचं नाही.

मी शरणपूरच्या मंडळीत वाढले. माझ्या मोठ्या बहिणीला हाच आजार होता. ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ हे तिला फार लागायचं, कारण ती स्वतःलाच दिवसभर तेच म्हणत असायची. भावाला जवळ घेऊन बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय वाचा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला बोल लावत नाही. दूत त्याला उठवून भाकर-पाणी देतो, तो खाऊन परत झोपतो, दूत परत उठवून खायला घालतो. ‘तू इथे काय करतोस’ हे देव नंतर विचारतो. स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, आणि तरी ती प्रार्थनाच आहे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा स्वतःचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता. पौल लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो, तेव्हा औषधाशी विश्वासाचं वैर कुठून आलं?

मंडळीत जरूर बोला, पण भावाला विचारून, आणि आधी एकट्या पाळकसाहेबांशी. नुसतं ‘प्रार्थनेत आठवण ठेवा’ म्हणू नका, नेमकं काम सांगा. आमच्या महिला मंडळातल्या एक मावशी दर मंगळवारी यायच्या. ताई बोलायची नाही. मावशी लसूण घेऊन तिच्यासमोर बसायच्या, सोलता सोलता गल्लीतल्या गोष्टी सांगायच्या. कधीतरी ताईचा हातही ताटाकडे जायचा. निघताना डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थना, बस. तेवढा वेळ आईला पाठ टेकता यायची. दवाखान्याच्या तारखेला रिक्षात सोबतही त्याच असायच्या.

कोणी दुष्टात्म्याची भाषा केली किंवा उपवास सांगितला तर स्पष्ट नाही म्हणा. ज्याचं जेवण आधीच तुटलंय त्याला कसला उपवास? आणि बरा दिसायला लागला की लगेच साक्षीला, म्हणजे ‘देवाने मला बरं केलं’ हे सगळ्यांसमोर सांगायला, उभं करू नका. पुढे आजार उलटला तर त्याला चर्चमध्ये तोंड दाखवायची लाज वाटते, आणि नेमकं तेव्हाच त्याला मंडळी हवी असते.

तो मरणाचं बोलतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. शंका असली तर सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, गोळ्यांची पाकिटं तुमच्या ताब्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. खासगी डॉक्टरांचा खर्च जड जात असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे.

आणि ती सभा सध्या दुसऱ्या कोणाच्या घरी भरवायला सांगा. पाळकसाहेबांनी शब्द टाकला तर कोणाला वाईटही वाटणार नाही.