“येतं सगळं, पण एक-दोन सुटतातच”

दहावीतल्या मुलीला घेऊन आईबाबा आले होते. तक्रार नेहमीची: “गणित समजतं हिला, पण संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे शक्य त्या सगळ्या निकालांची यादी, लिहिताना एखादी जोडी सुटते आणि मार्क जातात. लक्षच नसतं.” मुलगी मान खाली घालून बसली होती. ‘निष्काळजी’ हा शब्द इतक्यांदा कानावर पडला होता, की तिला तो पटूनही गेला होता.

तिला एक उदाहरण दिलं. अ, ब, क हे तीन मुलगे. ड, इ या दोन मुली. यांतून दोघांची समिती करायची. तिनं लिहिलं: अब, डइ, अड, कअ, बक, कड, अइ, अक, बड, कइ.

मोजल्या तर दहा, आणि बरोबर उत्तरही दहाच! पण कअ आणि अक ही एकच समिती दोनदा आली होती आणि बइ राहून गेली होती. एक चूक दुसरीनं झाकली. ती उघडी पडते पुढच्या प्रश्नात: एक मुलगा व एक मुलगी असण्याची संभाव्यता ६/१० यायला हवी, तिची ५/१० येते.

हा वेंधळेपणा नव्हे. सुचेल तसं लिहिलं, की प्रत्येक नवी जोडी आधीच्या सगळ्या जोड्यांशी ताडून पाहावी लागते. सात-आठ जोड्या झाल्या की भल्याभल्यांना ते जमत नाही.

मग तिला ओळी पाडायला लावल्या. पहिल्या ओळीत फक्त अ: अब, अक, अड, अइ. अ संपला, आता त्याच्याकडे परत जायचं नाही. दुसरीत बक, बड, बइ. तिसरीत कड, कइ. शेवटी डइ. चार, तीन, दोन, एक अशी पायरी उतरते. पायरी कुठे मोडली तर चूक त्याच ओळीत असते, अख्खी यादी पुन्हा तपासावी लागत नाही.

पुढच्या भेटीत मात्र नवीच अडचण निघाली. ०, १, २, ३, ४, ५ या अंकांपासून, पुनरावृत्ती न करता, दोन अंकी संख्या करायच्या होत्या. तिनं १२, १३, १४, १५, २३ अशी पायरीच उतरवली आणि दहावर थांबली. रीत पक्की बसली होती, पण ती कुठे लावायची हे सांगायचं राहिलं होतं. म्हणून लिहिण्याआधी एक प्रश्न: जागा बदलल्या तर वेगळं काही होतं का? समितीत नाही होत. १२ आणि २१ मात्र वेगळ्या. इथे ओळी आखूड होत नाहीत: दशकस्थानी १ घेतला की १०, १२, १३, १४, १५. ० दशकस्थानी येत नाही, म्हणून पाच ओळी, प्रत्येकीत पाच संख्या, एकूण २५.

दोन फाशांचंही असंच. बेरीज १० हवी असेल तर (४,६) आणि (६,४) दोन्ही लिहायच्या, पण उलटापालट करायची सवय लागलेली मुलं (५,५) दोनदा लिहितात. एकूण तीनच.

आईबाबांना एवढंच सांगितलं: ‘नीट बघ’ म्हणू नका, त्यातून मुलीला नेमकं काय करायचं ते कळत नाही. ‘अ च्या सगळ्या झाल्या का?’ असं विचारा. सूत्राची घाई नको. रोज दहा मिनिटं, चार-पाच वस्तूंच्या जोड्या, आणि ओळी एकाखाली एक लिहिलेल्या.